उंच पलंग

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चपलांचं एक दुकान होतं. ते चाललं नाही, बंद पडलं, आणि एका सोमवारी सकाळी त्याच्या काचेमागे आमचीच गल्ली मांडून ठेवलेली दिसली. पुठ्ठ्याची. घरं पांढरी, रस्ते करडे आणि झाडं हिरव्या स्पंजाची. खऱ्या गल्लीत झाड एकच आहे आणि तेही पत्र्याच्या डब्यात. पुठ्ठ्याच्या गल्लीत मी तेवीस मोजली. काचेवर एक कागद चिकटवला होता : 'परिसर पुनर्विकास नियोजन कक्ष. आपल्याला काय वाटतं ते आम्हाला सांगा. आत या.'

दोन दिवस आत कोणी गेलं नाही. कागदावर 'आठ दिवसांत घरं रिकामी करा' असं असतं तर गल्लीनं ते समजून घेतलं असतं. धमकीची आम्हाला सवय आहे, तिला काय उत्तर द्यायचं हेही ठरलेलं आहे. पण आपल्याला काय वाटतं हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याच्या मनात काय असेल या कल्पनेनंच लोक दुकान टाळून पलीकडच्या कडेनं चालायला लागले.

"शब्द नीट बघा," वकील म्हणाले. "'आत या' असं लिहिलंय. 'परत जा' कुठे लिहिलंय?"

वकील हे वकील नव्हेत. ते पोस्टातून निवृत्त झालेत. आयुष्यात त्यांनी तीन खटले स्वतः उभं राहून चालवले आणि तिन्ही हरले, त्यामुळे कायद्याच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. मला गल्लीत पदवीधर म्हणतात. आता आणखी सात-आठ पदवीधर झालेत, पण मी पहिला होतो आणि नाव एकदा चिकटलं की चिकटलं. गल्लीतले सगळे अर्ज मी लिहितो, आणि वकील ते वाचून त्यात काय धोका आहे ते सांगतात. अशा रीतीनं वीस वर्षांत आमचा एकही अर्ज कुठे पोचलेला नाही.

आमच्यापासून दहा मिनिटं चालत गेलं की काचेच्या उंच इमारती लागतात. बँकांच्या मुख्य कचेऱ्या, विमावाले, खाली गुळगुळीत फरशीचे चौक. दुपारी चार वाजता त्यांच्या सावल्या आमच्या गल्लीत येतात. वकिलांचं म्हणणं होतं की आधी सावली येते आणि मग माणसं येतात, आणि आता किती वेळात, एवढाच प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशी योजनेची पत्रकं घरोघर आली. पाच जुन्या इमारती पडणार, दोन उंच उभ्या राहणार. प्रत्येकाला नवं घर, वरच्या मजल्यांवर, चिठ्ठ्या टाकून. तळमजल्यावर फक्त सध्या चालू असलेली दुकानं, चालू असलेले कारखाने आणि 'विशेष गरजेची कुटुंबं'. ही शेवटची कोण, हे कोणी विचारलं नाही. आमच्या गल्लीत कोणीही स्वतःची गरज विशेष आहे असं लिहून देणार नाही. उद्या ती त्याच्याच विरुद्ध वापरली जाईल.

पत्रक वाचून माझ्या काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पत्रक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. काका लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करतात. कुठलंही माप ते तीनदा घेतात, दोन वेगवेगळ्या कॅलिपरनं, कारण एकावर त्यांचा विश्वास नाही आणि दुसऱ्यावर थोडाच आहे.

"तळमजला म्हणजे चालू कारखान्यांना," ते म्हणाले. "आपला चालू आहे का?"

हा प्रश्न साधा नव्हता. तळमजल्यावरच्या खोली क्रमांक दोनमध्ये काकांचा लेथ तेहतीस वर्षं चालू होता. गल्लीतल्या प्रत्येक नळाचा दांडा, पंख्याचा बुश, शिवणयंत्राचं चाक त्या खोलीतून दुरुस्त होऊन गेलं होतं. शेजारच्या बाईंच्या चाकाच्या खुर्चीचा आससुद्धा. पण कागदोपत्री त्या खोलीत लेथ नव्हता. कागदोपत्री त्या खोलीत एक रोगी होता.

त्याचं असं झालं. एकतीस वर्षांपूर्वी कोणीतरी कोणाची तरी तक्रार केली, आणि राहत्या घरात बंदी असताना यंत्रं कोण चालवतं हे बघायला एक तपासनीस आला. काकूंचे वडील तेव्हा आजारी होते, खरोखरचे, आणि त्याच खोलीत कोपऱ्यात खाटेवर असत. तपासनीस दोन घरं अलीकडे पोचल्याचं कळलं. काकांनी लेथवर दाराची फळी टाकली, फळीवर गादी टाकली आणि गादीवर सासऱ्यांना ठेवलं. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, की आपण कुठे चाललो आहोत.

तपासनीसानं आत येऊन बघितलं. रोगी त्याच्या छातीच्या उंचीवर होता.

"पलंग एवढा उंच का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," काकू म्हणाल्या. "जमिनीलगतची हवा ह्यांना मानवत नाही."

लग्नापर्यंत काकूंचं आयुष्य सरळ गेलं होतं. खोटं बोलायची ही पहिलीच वेळ, पण त्यांना ते जमून गेलं. तपासनीसानं 'एक वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, पलंग उंच' असं लिहिलं आणि 'काळजी घ्या' म्हणून गेला.

सासरे पुढच्या वर्षी वारले, दवाखान्यात, साध्या उंचीच्या पलंगावर. कागदावरचा रोगी मात्र जगला, कारण दर पाचेक वर्षांनी कोणी ना कोणी तपासायला येतच राहिलं. त्याची जागा काकांनी घेतली. तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते आणि डोक्यावरून पांघरूण घ्यावं लागे. आता सत्तरीला आलेत, त्यामुळे भूमिका वयाला शोभायला लागली आहे. एका सुतारानं लेथच्या मापाचं लाकडी झाकण करून दिलं : बाजूला बिजागरीच्या फळ्या, वर कायमची बांधलेली गादी, पायथ्याशी चढायला स्टूल. काका आयुष्यात एकदाही आजारी पडलेले नाहीत. पडायला सवड नव्हती. पण लेथ थांबवून, झाकण लावून, हात पुसून, स्टुलावरून वर चढून पांघरुणात जायला त्यांना चार मिनिटं पुरत.

ही चार मिनिटं मनोरा मावशी मिळवून देत. त्या तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात राहतात आणि त्यांच्या खिडकीतून गल्लीची दोन्ही तोंडं दिसतात. हातात टेप, वही किंवा खांद्याला कातडी पिशवी असलेला माणूस दिसला की त्या लाल पायपुसणं कठड्यावर झटकत. संपूर्ण गल्लीत लाल पायपुसणं दुसऱ्या कोणी घ्यायचं नाही, असा अलिखित नियम होता. मोडला एकदाच, एका नव्या सुनेनं, आणि काका विनाकारण दीड तास आजारी होते.

आणि आता पत्रक म्हणत होतं की चालू कारखाना असेल तरच तळमजला.

"मग सांगून टाकू," मी म्हणालो. "लेथ आहे म्हणून."

खोलीत काका, काकू आणि वकील होते. तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काकूंना विकायला काढलं होतं.

"सांगा ना," वकील म्हणाले. "जरूर सांगा. मग ते विचारणार, कधीपासून आहे. तुम्ही म्हणणार, तेहतीस वर्षं. मग ते फाइल उघडणार. फाइलमध्ये काय आहे?"

"रोगी," काकू म्हणाल्या.

"म्हणजे आज खरं बोललात की कालपर्यंत खोटं बोलत होतात, हे आपल्याच सहीनं सिद्ध. अहो, ते तळमजला वगैरे काही नाही. ते आमिष आहे. एकतीस वर्षं जे सापडलं नाही ते आता आपण होऊन बाहेर यावं म्हणून ही सगळी पुठ्ठ्याची मांडणी."

"एका लेथसाठी पाच इमारती पाडतायत होय?" मी विचारलं.

"एक आपल्याला माहीत आहे," वकील म्हणाले. "बाकीच्यांच्या पलंगाखाली काय आहे, तुला काय माहीत?"

काका तोपर्यंत एक दांडा मापत होते. मान वर न करता म्हणाले, "लेथ नवव्या मजल्यावर जाणार नाही. अकराशे किलोचा आहे. लिफ्टमध्ये मावणार नाही. मावला तरी वर जमीन हलेल, आणि जमीन हलली की माप गेलं. तळमजला मिळाला नाही तर भंगारवाला."

"आणि लेथ भंगारात गेला की हे त्याच्या मागोमाग," काकू म्हणाल्या. चहाचे कप उचलत, अगदी सहज म्हणाल्या. वकिलांनी आपला अर्धा भरलेला कपही देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मी चपलांच्या दुकानात गेलो. आत एक बाई होत्या, पस्तिशीच्या, बोटांना पेनाची शाई. गल्लीनं त्यांना न भेटताच नकाशावाल्या बाई असं नाव ठेवलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली. सरकारी माणसानं खुर्ची दिली की माझी पाठ आपोआप ताठ होते. मग पाणी विचारलं. तिथे मला पहिल्यांदा घाम फुटला.

त्यांनी एक फाइल काढली. "खोली क्रमांक दोन ना? सहा पाहण्या झाल्यात. सहाही वेळा तेच आहे. 'एक वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, पलंग उंच.' आता कसे आहेत ते?"

घरून निघण्यापूर्वी अर्धा तास मी सगळं खरं कसं सांगायचं याची तयारी केली होती. सुरुवात, मध्य, शेवट, आणि मध्ये एक छोटी दिलगिरी.

"आहेत तसेच," मी म्हणालो. आणि उठून घरी आलो.

वकिलांना हे फार आवडलं. ते म्हणाले, शिक्षण कुठेतरी उपयोगी पडतं.

पण त्या रात्री काकांनी लेथच्या पायाशी बसून त्याचे चारही बोल्ट एकेक करून पुसले, जसे एखाद्याला लांबच्या प्रवासाला पाठवताना बूट पुसावेत. सकाळी मी परत दुकानात गेलो आणि या वेळी खुर्चीवर न बसता सगळं सांगितलं. उभं राहून खरं बोलणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. दार जवळ असतं.

बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. माझी त्या दोन्हींची तयारी होती, याची नव्हती.

"मला चालू यंत्र बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी बघितलं की 'चालू कारखाना' असं मी लिहीन. मागचं मागे. मंगळवारी अकरा वाजता येते."

"एकट्याच?" हा प्रश्न मला वकिलांनी आधीच शिकवून ठेवला होता.

"एकटीच."

मंगळवारपर्यंत गल्लीत दुसरा विषय नव्हता. 'मागचं मागे' याचा अर्थ काय, यावर वकिलांनी दोन संध्याकाळी घेतल्या. त्यांच्या मते मागचं मागे म्हणजे मागच्या फाइलमध्ये, आणि मागची फाइल नेहमी पुढे येते. तरीही काकांनी ठरवलं, दाखवायचा. मनोरा मावशींना बजावून सांगितलं की बाई एकट्या येणार आहेत, पायपुसण्याला हात लावायचा नाही. काकूंनी गादीसकट झाकण मागच्या बोळात उभं केलं. काकांनी ठेवणीतला सदरा घातला आणि एक पोलादी दांडा लेथच्या जबड्यात, चकमध्ये, धरून ठेवला, अकराला सुरू करायला.

पावणेअकराला त्यांनी लेथ सुरू केला. लवकर का, असं मी विचारलं, तर म्हणाले यंत्र गरम असलं की आवाज सुधारतो. खरं म्हणजे त्यांना चैन पडत नव्हतं. दांड्यावरून पोलादाच्या निळसर कुरळ्या तारा सुटत होत्या आणि काका त्यांच्याकडे असे बघत होते की जणू आज त्या तारांविषयी कोणीतरी मत देणार आहे.

अकराला पाच कमी असताना बाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. त्यांच्याबरोबर एक माणूस होता. त्याच्या हातात टेप होता.

तो नकाशे काढणारा होता आणि त्याचं आमच्या मागच्या चौकाचं माप घ्यायचं राहिलं होतं, हे आम्हाला खरं वाटायला तीन आठवडे लागले. त्या क्षणी मनोरा मावशींना एवढंच कळलं, की एकटी येणार होती आणि दोघं येतायत. त्यांनी नंतर मला सांगितलं की त्यांनी फार विचार केला. किती वेळ, असं मी विचारलं. म्हणाल्या, असेल दोन सेकंद.

लाल पायपुसणं कठड्यावर आपटलं.

मी ओरडलो असतो, पण काकांच्या हातांनी वाट बघितली नाही. एकतीस वर्षं ते हात त्या रंगाला उत्तर देत आले होते. डाव्या हातानं बटण बंद, उजव्या हातानं पट्टा सैल. काकू तोपर्यंत बोळातून झाकण घेऊन आल्या होत्या. मीसुद्धा, देवाशपथ, एका बाजूनं उचलायला धावलो. फळ्या पडल्या, बिजागऱ्या लागल्या, काका ठेवणीतल्या सदऱ्यासकट स्टुलावरून वर गेले आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून कण्हले. तीन मिनिटं दहा सेकंद. एवढ्या कमी वेळात कधीच जमलं नव्हतं, असं काकू त्या दिवसानंतरही अधूनमधून म्हणत, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन गप्प होत.

बाई आत आल्या. मागोमाग टेपवाला. त्यामागे, दारातच, वकील, शांत आणि समाधानी.

पलंगाच्या उंचीमुळे रोगी आणि बाई नाकासमोर नाक अशा अवस्थेत होते. खोलीत तेलाचा वास होता, कडेच्या फळीतून ऊब येत होती आणि खाली कुठेतरी काहीतरी अजून सावकाश फिरत होतं, घर्र घर्र, थांबत थांबत. काका त्याच तालात कण्हायला लागले. बाईंनी गादीवर कोपर टेकलं आणि लगेच उचललं.

"गादी गरम आहे," त्या म्हणाल्या.

"ताप आहे ना," काकू म्हणाल्या.

बाईंनी काकांच्या कानामागून दोन बोटांनी एक निळसर कुरळी तार काढली आणि उजेडात धरली.

"औषधांमुळे केस असे होतात," काकू म्हणाल्या.

टेपवाला वाकून पलंगाखाली बघण्याच्या बेतात होता. बाईंनी त्याला मागच्या चौकाचं माप घ्यायला पाठवलं. तो गेल्यावर त्यांनी दार लोटलं. वकील बाहेर राहिले, पण खिडकी उघडी होती आणि वकिलांचे कान निवृत्त झालेले नाहीत.

"काका," बाई म्हणाल्या, "मी लेथ बघायला आले होते. ते मापं घेतायत, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. आता कोणी नाही. उठता का?"

काकांनी एक डोळा उघडला. नवं कॅलिपर हातात आलं की ते जसं बघतात तसं त्यांनी बाईंकडे बराच वेळ बघितलं. मी मनातल्या मनात म्हणालो, उठा. काकूंनी पांघरुणाचं टोक धरलं होतं, ते सोडलं. एवढंच करायचं होतं : पांघरूण बाजूला, पाय स्टुलावर.

काकांनी डोळा मिटला.

मी त्यांना नंतर विचारलं, का. ते म्हणाले, "इतकं सरळ विचारतं का कोणी?"

 बाईंनी वही उघडली. त्यांचा आवाज बदलला, कोरा झाला.

"जे दिसतं तेच मला लिहिता येतं," त्या म्हणाल्या. "रुग्ण. पलंग उंच. पलंग हलवता येतो का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"वजन किती असेल?"

काकूंनी एका पलंगाला शोभेल असा आकडा शोधला. "असेल दीड-दोनशे किलो."

"अकराशे," पांघरूण म्हणालं.

 काकांना चुकीचं माप कधीच सहन झालेलं नाही, झोपेतसुद्धा.

"तापात काहीही बोलतात," काकू म्हणाल्या.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि लिहिलं. मग भिंतीवरच्या विजेच्या पेटीकडे बघितलं. ती गल्लीच्या पाण्याच्या पंपाच्या नावावर होती आणि तिच्यात तीन जाड तारा येत होत्या. "रुग्णाला हे लागतं?"

"ह्यांच्यासाठी एक उपकरण आहे," काकू म्हणाल्या. आता त्या अशा ठिकाणी पोचल्या होत्या जिथून मागे फिरता येत नव्हतं. "श्वासाचं."

"बरं," बाई पुन्हा म्हणाल्या. आणि गेल्या.

पुढचे तीन आठवडे याद्यांची वाट बघण्यात गेले. मनोरा मावशी खाली येऊन रडल्या. काका त्यांना म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, टेप होता. वकील म्हणाले की जे झालं ते उत्तमच झालं, बाई खोटी होती, एकटी येते म्हणून दुकटी आली. फक्त काका काम करताना मधूनच लेथ थांबवत आणि त्याच्यावर हात ठेवून उभे राहत. एका भंगारवाल्यानं, कुठून कळलं कोण जाणे, खिडकीतून डोकावून बघितलं. काकूंनी त्याच्या अंगावर पाणी टाकलं. म्हणाल्या, झाडाला घालत होते. झाड तीन दारं पलीकडे आहे.

मग याद्या लागल्या. चपलांच्या दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलेल्या, तीन पानं, आणि समोर अख्खी गल्ली, सगळे एकमेकांच्या खांद्यावरून वाचतायत आणि आपल्याला विशेष उत्सुकता नाही असं दाखवतायत. मी 'चालू कारखाने' या मथळ्याखाली वाचलं. फ्रेमवाला होता, इस्त्रीवाला होता. खोली क्रमांक दोन नव्हती. मी दोनदा वाचलं, मग काकांसाठी तिसऱ्यांदा.

"पदवीधर," मनोरा मावशी म्हणाल्या, "हे शेवटचं पान बघ. बारीक आहे, मला दिसत नाही."

शेवटच्या पानावर 'विशेष गरजेची कुटुंबं' होती. कुटुंब एकच होतं. मी मोठ्यानं वाचलं :

'खोली क्रमांक दोन. एक वृद्ध, एकतीस वर्षं अंथरुणाला खिळलेले. नव्या इमारतीत तळमजला द्यावा. पलंगाचे वजन अकराशे किलो. जमीन त्यानुसार मजबूत करावी व तिला कंप पोचू नये अशी व्यवस्था करावी. श्वसन-उपकरणासाठी तीन फेज वीजजोडणी. उपकरणाचा आवाज होतो, तरी शेजारी भिंत दुहेरी असावी.'

 मी काकांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि स्वतः वाचलं. मग 'कंप पोचू नये' या शब्दांवर काचेवरूनच बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"हे तर आपण सांगितलंच नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"तेच म्हणतो मी," वकील म्हणाले. "आपण सांगितलं नाही आणि तिनं दिलं. का दिलं?"

घरी येईपर्यंत त्यांच्याकडे चार कारणं तयार होती. बाईला लेथवाला हाताशी हवा आहे. बाईला पुढे धरायला आमचं खोटं हवं आहे. बाई या खात्यातली नाहीच. चौथं कारण ते सांगणार नव्हते, ते लेखी द्यायचं होतं.

एक अडचण राहिली होती. यादी पक्की व्हायला प्रत्येक कुटुंबप्रमुखाची सही हवी होती, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत नियम असा होता की अधिकाऱ्यानं घरी येऊन अंगठा घ्यावा. शनिवारी सकाळी बाई आल्या. या वेळी खरंच एकट्या. तरीही मनोरा मावशींनी पायपुसणं झटकलं, कारण या वेळी झटकायलाच हवं होतं, आणि काका चार मिनिटं आधीच वर होते. मी विचारलं, सही का नको, तुम्ही उठून करू शकता. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की आजारी माणसाशी असं बोलतात का.

बाईंनी शाईचा डबा उघडला, काकांचा उजवा अंगठा धरला, शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. कागदावर एक काळा ठिपका उमटला. रेषा नव्हत्या. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा नुसता ठिपका. तेहतीस वर्षं पोलाद धरून त्या अंगठ्यावर रेषा राहिल्याच नव्हत्या. तो एखाद्या चांगल्या बुशासारखा गुळगुळीत आणि कडक झाला होता, आणि एका बाजूला जुन्या चटक्यांच्या खुणा होत्या.

बाईंनी तो अंगठा उलटा करून बघितला.  काका कण्हायचे विसरले.

"एकतीस वर्षं अंथरुणात," बाई म्हणाल्या, "आणि अंगठा असा?"

"पांघरूण खरखरीत आहे," काकू म्हणाल्या.

बाईंनी कागदावर ठिपक्याशेजारी काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न केला : 'रुग्णाचा अंगठा, माझ्या समक्ष.' खाली सही. शाईचा डबा बंद केला, आणि जाताना दारात थांबून काकूंना म्हणाल्या, "पांघरूण बदला. वर्षातून एकदा कोणीतरी बघायला येईल."

त्या बाहेर पडल्या. आम्ही खिडकीशी उभे राहिलो, वकीलही येऊन मिळाले. त्या गल्लीच्या मध्यापर्यंत पोचल्या नसतील, तेवढ्यात मागे झाकणाच्या फळ्या वाजल्या. मी वळून बघितलं तर काका खाली उतरले होते आणि त्यांनी बटण दाबलं होतं. मुद्दाम केलं की राहवलं नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. लेथ सुरू झाला. मोठ्यानं, गरम न होता, खरखरत, अख्ख्या गल्लीत ऐकू जाईल असा.

नकाशावाल्या बाई चालत राहिल्या. पत्र्याच्या डब्यातलं झाड आलं, ते ओलांडलं, चपलांच्या दुकानापाशी पिशवीतून किल्ली काढली, दार उघडलं आणि आत गेल्या.

वकील खिडकीचे गज धरून शेवटपर्यंत बघत होते.

"एवढा आवाज झाला," ते म्हणाले, "आणि ती मागे वळली नाही. हेच मला खटकतंय."

काकांनी लेथ थांबवला आणि विचार केला.

"मलाही," ते म्हणाले, आणि परत सुरू केला.